लूज कॉन्टॅक्ट

प्रत्येक बिल्डिंगमध्ये असा एक माणूस असतोच, ज्याच्या कानावर 'बिघडलंय' हा शब्द पडू द्यायचा नसतो. आमच्या बिल्डिंगमध्ये ते आप्पा. जिन्यात उभं राहून कुणी फोनवर हळूच जरी म्हणालं, की "अरे, माउस सकाळपासून नाटक करतोय," तरी दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं. आधी टॉर्चचा उजेड खाली येतो, मग कपाळावर चढवलेला चष्मा, आणि मग ते वाक्य:

"आधी बघू तर दे."

या वाक्याला नाही म्हणता येत नाही. बघायलाच तर मागतोय माणूस! पण एकदा 'बघायला' दिलेली वस्तू त्या दिवसापुरती तुमची राहत नाही. ती आप्पांच्या डायनिंग टेबलावर, पसरलेल्या वर्तमानपत्रावर उघडी होऊन पडते, आणि काकू जेवणाची ताटं जमिनीवर मांडतात. तक्रार न करता. त्यांच्या घरात वर्षातले निम्मे दिवस जेवण जमिनीवरच होतं.

आप्पा मूळचे अमळनेरचे. अमळनेरचे असल्यामुळे कॉम्प्युटर हा आपल्या गावचा धंदा आहे, असं त्यांचं मत आहे. विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. "तेल, तूप, साबण, मग कॉम्प्युटर. आम्ही तुपापासून बघतोय भो," असं म्हणून ते तुमचा माउस उलटा करतात. तुपाचा माउसशी काय संबंध, हे विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

सिल्वासात ते आले ते कारखान्यांच्या लाटेबरोबर. करात सवलती होत्या, मुंबई-सुरतेचे शेठ पिपरिया, आमली, मसाट, राखोली इथं शेड टाकत होते आणि खानदेशातली पोरं वापी स्टेशनला उतरून कामाला लागत होती. आप्पा लागले क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे पॉलिस्टरच्या गुळगुळीत धाग्याला तापवून, पीळ देऊन फुगवायच्या कामात. एका मशीनवर दोनशेच्या वर पोझिशन, प्रत्येक पोझिशनला एक धागा, तो हीटरवरून पळतोय, चकत्यांमधून पीळ खातोय, तेलाचा हात घेऊन बॉबिनवर चढतोय. यातला एक कुठं तुटला, की आप्पांनी हजर व्हायचं. ऑपरेटर धागा जोडायचा, पण तो 'का' तुटला हे शोधायचं काम मेंटेनन्सचं. आणि आप्पा मेंटेनन्सला होते. तीस वर्षं त्यांनी 'का' शोधला आणि एके दिवशी कंपनीनं त्यांना शाल, नारळ आणि एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. घड्याळ त्यांनी त्याच रात्री उघडलं.

रिटायर झाल्यावर त्यांची खरी पंचाईत झाली ती घरात बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. एलईडी बल्ब गेला की गेलाच, त्याला तपासायला काही नाही. फोनला स्क्रूच दिसत नाहीत. टीव्ही इतका पातळ, की त्याच्या मागे डोकं घालायला जागा नाही. फ्रिजवाला कंपनीचा माणूस येतो आणि आप्पांना "काका, जरा बाजूला व्हा" म्हणतो. एवढ्या मोठ्या घरात हक्कानं उघडता येईल, ज्याला खाली स्क्रू आहे, आत हलणारे भाग आहेत आणि जो मेला तर दोन-तीनशेच्या वर नुकसान नाही, असा एकच प्राणी राहिला होता. आप्पांनी त्याला धरलं.

त्यांची तपासणीची पद्धत आहे आणि ती बघण्यासारखी आहे. माउस हातात आला की पहिल्यांदा तो कानाशी नेऊन हलवतात. आत काही खुळखुळलं तर चेहरा उजळतो. मग उलटा करून लाल दिवा बघतात. "लाईट आहे म्हणजे जीव आहे." मग वायर बोटांच्या चिमटीत धरून इंच-इंच पुढे सरकत जातात, डोळे मिटून. माउसच्या तोंडाशी, जिथं वायर आत शिरते तिथं, चिमूट थांबते. "लूज कॉन्टॅक्ट."

हे निदान ते फ्रिजपासून सरकारपर्यंत सगळ्यांना लावतात. चिडायची गोष्ट अशी, की माउसच्या बाबतीत ते बहुतेकदा खरं निघतं. वायर तिथंच वाकते, तिथंच आतली तार तुटते, आणि बाहेरून प्लास्टिक साबूत दिसत असल्यामुळे आपण कॉम्प्युटर बंद-चालू करत बसतो. आप्पा तेवढा तुकडा कापतात, आतल्या केसासारख्या चार रंगीत तारा सोलतात, जोडतात, आणि वर पिवळी इन्सुलेशन टेप गुंडाळतात. त्यांच्या घरात पिवळी टेप नसलेली वायर म्हणजे नुकतीच आणलेली वायर.

तेवढ्यानं भागलं नाही तर पोर्ट बदलतात. तरीही नाही, तर माउस दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावून बघायचा आणि दुसऱ्याचा माउस आपल्याला. कारखान्यातला नियम: संशयित पार्ट चांगल्या मशीनवर टाका, चांगला पार्ट संशयित मशीनवर टाका, आणि मग बोला. ऑफिसांमधून गळ्यात पट्टा घालून हिंडणारी पोरं यापेक्षा वेगळं काही करत नाहीत. फरक एवढाच, की 'चांगलं मशीन' म्हणून आप्पा आमच्याकडे येतात. मी ऐन हिशेबात असतो. "मास्तर, उठा जरा," म्हणतात, माझा माउस उपटतात आणि "दोन मिनिटं" म्हणून वर जातात. त्यांची दोन मिनिटं रेल्वेच्या पाच मिनिटांइतकी लांब असतात.

मुख्य सोहळा मात्र उघडण्याचा. यासाठी एक स्टीलचा पेढ्यांचा डबा आहे, त्यात आजवर उरलेले सगळे स्क्रू आहेत. दर दुरुस्तीत एखादा उरतोच. माउसचा स्क्रू वरून दिसत नाही, तो खालच्या गुळगुळीत पट्टीखाली नाहीतर कंपनीच्या स्टिकरखाली लपवलेला असतो. हे आप्पांना पहिल्या माउसला कळलं तेव्हा ते इतके खूश झाले, की कंपनीनं आपल्याशी बुद्धिबळाचा डाव मांडलाय असं त्यांना वाटलं. आता नवा कुठलाही माउस दिसला, की ते आधी स्टिकरवरून अंगठा फिरवतात. खोलगट लागलं की हसतात.

एकदा माझाच माउस एका क्लिकला दोन क्लिक मोजायला लागला. एक फाइल उघडायला जावं तर दोनदा उघडायची, ओढून न्यावी तर मध्येच सुटायची. मी नवीन आणायला निघालो होतो, जिन्यात सापडलो. आप्पांनी माउस उघडून मला आतली काळी डबी दाखवली, तुरीच्या डाळीपेक्षा थोडी मोठी. "हा स्विच. याच्यात तांब्याची पत्ती. दाबली की टेकते, सोडली की उडते. लाखो वेळा टेकून हिची ताकद गेली. आता ही एकदा टेकायच्या जागी थरथरते, आणि तुझा कॉम्प्युटर म्हणतो, दोनदा टेकली." इतकं स्वच्छ मला आजवर कुणी समजावलेलं नव्हतं. मग त्यांनी काकूंच्या शिवणाच्या सुईनं डबीचं झाकण उचकटलं, आणि वरचं बटण टुणकन उडालं. तिळाएवढं. पांढरं. पांढऱ्या फरशीवर.

पुढचा वेळ त्या घरात कुणी पाय उचलून टाकला नाही. काकूंना केर काढायला बंदी झाली. नातीला टॉर्च धरून पालथं झोपवलं. मला खुर्चीवरून उतरायची मनाई झाली, कारण बटण माझ्या पायाखाली असण्याची 'शक्यता नाकारता येत नव्हती'. शेवटी ते आप्पांच्याच बनियनच्या घडीत सापडलं. त्यांनी पत्ती सुईनं जरा वर वाकवली, बटण बसवलं, झाकण टिचकन लावलं, आणि माउस सुधारला! तीन आठवडे. तेवढ्यात त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, की मुंबईला गेलो तर लॅमिंग्टन रोडवरून असला स्विच आणायचा. सिल्वासातून कुणीही मुंबईला निघालं, की आप्पांची चिठ्ठी खिशात घालूनच वापीला फ्लाइंग राणी पकडतं. लॅमिंग्टन रोड मुंबई सेंट्रलपासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा वाट वाकडी होते असंही म्हणता येत नाही.

इथल्या बाजारात विचारून झालेलं होतं. किलवणी नाक्याच्या बाजूला एक दुकान आहे, त्याच्या काउंटरवरचा पोरगा आप्पांना लांबून बघूनच म्हणतो, "काका, नवुं लई लो ने!" आप्पा त्याच्याकडे दयेनं बघतात. पोरगा रोज पन्नास माउस विकत असेल, पण त्यानं एकही उघडलेला नाही, आणि असल्या माणसाशी काय बोलणार?

आप्पांच्या दुरुस्त्या फसतात असं नाही. दुरुस्त झालेली प्रत्येक वस्तू काही अटींवर चालते, इतकंच. मिक्सर चालतो, पण झाकण डाव्या तळव्यानं दाबून. गीझर चालतो, पण आधी पंखा बंद करायचा. रिमोट चालतो, पण टीव्हीकडे नव्हे, ट्यूबलाइटकडे रोखून. या अटी कुठं लिहिलेल्या नाहीत, त्या तोंडी परंपरेनं चालत आलेल्या आहेत, आणि सून घरात आली तेव्हा सासूनं तिला देवघर दाखवायच्या आधी त्या सांगितल्या. घरच्या माउसची अट अशी: उजवीकडे जाताना किंचित उचलून धरायचा. पाहुण्यानं हात लावला, की चारी दिशांनी ओरडा होतो, "उचलून, उचलून!"

गंमत म्हणजे आप्पा स्वतः कॉम्प्युटर वापरत नाहीत. माउस हातात धरला की ते श्वास रोखतात, बाण शोधण्यात वेळ जातो, आणि डबल क्लिक करायची वेळ आली की दोन्ही हात वापरतात. दुरुस्ती झाली की ते लगेच मागे सरकून म्हणतात, "हं, आता चालवून बघ." चालवणं ऑपरेटरचं काम. मेंटेनन्सवाल्यानं चालवायचं नसतं.

कॉम्प्युटरशी त्यांची पहिली भेट कारखान्याच्या ऑफिसात झाली, तेव्हा माउसच्या पोटात गोळी असायची. पोलादी, वर रबर, चांगली जड. क्रिम्पिंगच्या हवेत धाग्याची कुसं आणि धाग्याला लावलेल्या तेलाचे बारीक कण उडत असतात. दोन्ही मिळून त्या गोळीला चिकटायचे, आत गोळीला टेकलेले दोन रूळ असायचे, एक आडव्या चालीचा, एक उभ्या, त्यांच्यावर काळे पट्टे चढायचे, आणि अकाउंटंटचा बाण अर्ध्या वाटेत बसकण मारायचा. अकाउंटंट शेठकडे मशीनची तक्रार करायचा. आप्पा यायचे, खालची चकती फिरवून गोळी काढायचे, करंगळीच्या नखानं रूळ खरवडायचे. करंगळीचं ते नख त्यांनी अजून वाढवलेलं आहे. गोळ्यासुद्धा आहेत, पाच-सहा, स्टीलच्या डब्यात. "आता असा माल येत नाही," म्हणतात.

नव्या दिव्याच्या माउसवर त्यांचा बरेच दिवस विश्वास नव्हता. नातीनं एकदा सांगितलं, की आप्पा, याच्या पोटात छोटा कॅमेरा असतो, तो खालच्या टेबलाचे सेकंदाला हजाराच्या वर फोटो काढतो, आणि दोन फोटोंमधला फरक बघून माउस कुठं सरकला ते ठरवतो. आप्पांनी माउस टेबलावरून उचलला. "टेबलाचे फोटो? कशाला?" मग त्यांना ते पटलं, आणि पटल्याबरोबर घरातला एक जुना प्रश्न सुटला. टेबलावर त्यांनीच हौसेनं काच टाकून घेतली होती, खाली नातवंडांचे फोटो, गॅसचं कार्ड, विम्याची पावती. काच पारदर्शक आणि गुळगुळीत, कॅमेऱ्याला धरायला खूण नाही, म्हणून बाण नातीच्या बारशापाशी हमखास हरवायचा. आप्पांनी भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर उतरवलं, श्रावणाचं पान फाडून माउसखाली घातलं. तेव्हापासून त्यांच्याकडे माउस श्रावणात चालतो.

त्याच नातीनं त्यांना एंगलबार्टची गोष्ट सांगितली. अमेरिकेत डग्लस एंगलबार्टच्या डोक्यातून माउस निघाला, त्याचा सहकारी बिल इंग्लिश यानं १९६४ च्या सुमाराला पहिला नमुना बनवला, लाकडी ठोकळ्याचा, खाली दोन चाकं, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत लोकांसमोर त्याचा प्रयोग झाला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लाकडी? म्हणजे स्क्रू वरूनच दिसत असणार." मग बराच वेळ गप्प होते. माणूस योग्य, काळ चुकला, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं.

सिल्वासाच्या माणसाला माउसचं चाक चांगलं असावं लागतं, याला एक सरकारी कारणही आहे. २६ जानेवारी २०२० पासून आमच्या प्रदेशाचं नाव 'दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव' झालं. कुठलाही ऑनलाइन फॉर्म भरताना राज्यांची यादी उघडायची आणि छत्तीसगडच्या खाली, दिल्लीच्या वर डोळे लावून बसायचं. काही फॉर्मांत नवं लांबलचक नाव, काहींत अजून जुनी दोन वेगळी. चाकाच्या आतल्या कड्यावर कचरा बसला, की ते पुढे फिरवावं तर मागे उडी मारतं. आप्पांच्या मुलानं एकदा गॅसच्या कामासाठी पत्ता भरताना तीनदा दिल्ली गाठली, वैतागून उलटं फिरवलं तर चंदिगडला पोचला. आप्पांनी चाकात स्पिरिटचा थेंब सोडला, फुंकर मारली, आणि म्हणाले, "कचरा आहे, दुसरं काही नाही. राज्य तुझं जागेवरच आहे."

या सगळ्याची नोंद होते. कारखान्यातून आप्पांनी दोन गोष्टी घरी आणल्या, करंगळीचं नख आणि ब्रेकडाऊन रजिस्टर. लांब, लाल कापडी पाठीचं. रकाने: तारीख, वेळ, फॉल्ट, कारण, काय केले, आणि शेवटी 'मशीन चालू स्थितीत ताब्यात घेणाऱ्याची सही'. मिक्सर दुरुस्त झाला की काकूंना सही करावी लागते. एकदा त्यांनी रागानं मोडीसारखं काहीतरी खरडलं, ते आप्पांनी 'अस्पष्ट' म्हणून परत करून घेतलं.

आणि या रजिस्टरनंच आप्पांची सगळ्यात मोठी केस सोडवली.

तारीख दोन ऑगस्ट. आमच्याकडे मुक्तिदिनाची सुट्टी असते. १९५४ साली याच दिवशी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्या मोहिमेत सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, होते, बाबासाहेब पुरंदरे होते, ही आप्पांची आवडती हकिगत. "बाबूजी आले तेव्हा काय होतं? मोजकी माणसं, थोडी हत्यारं. नवीन आणून द्या म्हणून अडून बसले नाहीत," असं ते माउसच्या संदर्भात म्हणतात, आणि पुढं वाद घालणं अशक्य होतं. पाऊस दणकून पडत होता, दमणगंगा भरून चालली होती, सगळे घरात. मुलगा कॉम्प्युटरवर काहीतरी भरत बसला होता, आणि बाण आपोआप पळायला लागला.

थरथरणं, अडकणं, उडणं सगळं ओळखीचं. हे वेगळं होतं. मुलानं हात माउसवरून काढला तरी बाण डावीकडून उजवीकडे सुसाट जायचा, कोपऱ्यात धडकायचा, गोल फिरायचा, मध्येच खिडकी बंद करून टाकायचा. मुलगा म्हणाला व्हायरस. काकू म्हणाल्या ओल आली. पहिल्या मजल्यावरचे शेजारी वर येऊन हळू आवाजात म्हणाले, "कोईए हॅक कर्युं छे," आणि आपल्या बँकेच्या चिंतेनं लगेच खाली गेले. आप्पांनी दिव्याखाली केस-बिस अडकलाय का बघितलं. नव्हता. वायर तपासली. मग त्यांनी माउस उपटून बाजूला ठेवला.

बाण पळतच होता.

मला हे सगळं बघायला मुद्दाम बोलावून नेलं होतं, म्हणून सांगतो: आप्पांचा चेहरा तेव्हा जसा दिसत होता, तसा मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही बघितला नव्हता. "माउस नाही, मास्तर," ते कुजबुजले, "माउसच नाही. तरी चालू." मुलगा कॉम्प्युटर बंद करायला निघाला, तर त्यांनी त्याचा हात धरला. "चालू फॉल्ट बंद करायचा नसतो. गेला तर परत कुठं शोधशील?" नातीनं कीबोर्डवर डावीकडचे आल्ट, शिफ्ट आणि वर नम लॉक असं एकदम दाबलं आणि आकड्यांच्या बटणांनी बाण हलवून बापाचा फॉर्म पुढे न्यायचा प्रयत्न केला. दोन शक्तींमध्ये बाणाची ओढाताण झाली, फॉर्म गेला. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. आप्पांनी रजिस्टर काढलं, खुर्ची पुढ्यात ओढली, आणि नव्या घड्याळाकडे बघत लिहायला लागले. अकरा दहा: जोरात. अकरा चाळीस: मंद, गोल. बारा: बंद. साडेबारा: जोरात. एक ते तीन: पूर्ण बंद.

"दुपारी बंद," आप्पा विचारात पडले. "दुपारी लोड उतरतो. लायनीत काहीतरी येतंय. इंडस्ट्रीचं." सुट्टीच्या दिवशी कुठली इंडस्ट्री, असं मुलगा म्हणाला, ते त्यांनी कंटिन्युअस प्रोसेस कशाला म्हणतात हे सांगून खोडून काढलं. साडेतीनला बाण पुन्हा निघाला. पाचला थोडा वेळ थांबला. आप्पांनी आलेख काढायला घेतला.

काकू चहाचा कप ठेवायला आल्या, कपासाठी जागा करायला रजिस्टर सरकवलं, आणि उभ्या-उभ्या वाचलं. बाराला बंद. एक ते तीन बंद. पाचला बंद.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तर बारक्याचं आहे. बाराला वरणभात, एक ते तीन झोप, पाचला दूध."

सगळे आतल्या खोलीत गेले. पलंगाखाली धाकटा नातू पोटावर पालथा पडून, तोंडानं घर्र-घर्र करत, एक काळी मोटार फरशीवरून पळवत होता. मोटारीखाली लाल दिवा लागत होता. ती मोटार म्हणजे वायरलेस माउस. तो पावसाळ्याच्या सुरुवातीला बंद पडला होता, आतला सेल पाझरून पत्र्यावर पांढरट-हिरवं जमलं होतं. आप्पांनी लिंबानं ते घासलं होतं, नवा सेल घातला होता, वाळायला खिडकीत ठेवला होता, आणि तेवढ्यात कुणाची तरी इस्त्री आली होती. माउस खिडकीतून खेळण्यांच्या टोपलीत गेला. त्याचं नखाएवढं रिसीव्हर मात्र कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, धुळीत, जिथं होतं तिथंच होतं, आणि भिंतीपलीकडून पलंगाखालचं प्रत्येक वळण इमानेइतबारे बाणाला कळवत होतं.

मुलगा काही बोलला नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. नात सरळ हसत सुटली.

आप्पा गुडघ्यांवर बसले, पलंगाखाली टॉर्च मारला, आणि बारक्याच्या हातातला माउस बराच वेळ बघत राहिले. मग मागे वळून म्हणाले, "म्हणजे दुरुस्त झाला होता!"

त्यांच्या आवाजात खजील होण्याचा मागमूस नव्हता. "बघ! भिंतीतून. फरशीवर. बिनपॅडचा. उचलायलाही लागत नाही. किती तास सलग चालला सांग?" मुलानं सांगितलं नाही. रजिस्टर होतंच, आप्पांनी बेरीज केली. मग 'फॉल्ट'च्या रकान्यात लिहिलं: बाण आपोआप चालणे. 'कारण'च्या रकान्यात थोडा वेळ पेन अडखळलं, आणि मग आलं: आधीची दुरुस्ती यशस्वी. 'काय केले' इथं: काही नाही.

राहिली सही. माउस ताब्यात घ्यायला मुलानं हात पुढे केला, तर बारक्यानं भोकाड पसरलं. शेवटी नातीनं कॉम्प्युटरच्या मागचं रिसीव्हर काढून पेढ्यांच्या डब्यात टाकलं, माउस बारक्याकडेच राहिला, आणि नियम म्हणजे नियम, म्हणून आप्पांनी रजिस्टर पलंगाखाली सरकवलं. शेवटच्या रकान्यात आता हिरव्या खडूची एक जाड रेघ आहे. ती रकान्याबाहेर जाऊन थेट पुढच्या नोंदीवर, मिक्सरवर, चढली आहे. आप्पांनी ती 'अस्पष्ट' म्हणून परत केलेली नाही.